बैल ठीक आहेत

आमचे दादा गेले त्याला आता वर्ष होऊन गेले. २०२५ च्या फेब्रुवारीत, ज्वारी काढणीच्या ऐन दिवसांत ते गेले. सकाळी नेहमीप्रमाणे रानात गेले, दोन पाती उपटून झाल्यावर बांधावरच्या लिंबाखाली पाणी प्यायला बसले आणि बसल्या जागीच कलंडले. पुतण्याने गाडी करून तालुक्याच्या दवाखान्यात नेले, पण वाटेतच सारे आटोपले होते. वय ६७. तोवर त्यांनी कधी अंथरूण धरले नव्हते आणि शेवटीही धरले नाही.

मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी आहे. आयुष्यातली तीस वर्षे शेतकऱ्यांना चार गोष्टी सांगण्यात गेली. बांधावरच्या बैठकीत, चावडीत, कधी देवळाच्या ओट्यावर शेकडो वेळा बोललो असेन. पण दादांच्या तेराव्याला चार शब्द बोला म्हणून गावकऱ्यांनी आग्रह केला तेव्हा माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही. तेव्हा राहिलेले आज लिहितो आहे. त्यात थोडे माझ्या हिशेबाचेही येईल, कारण तो अजून मिटलेला नाही.

आमचे गाव सांगोला तालुक्यात, माण नदीच्या काठापासून कोसभर आत. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या मागेपुढे, तोही बहुतेक सप्टेंबरात. त्यामुळे खरिपात थोडी बाजरी आणि खरे पीक रब्बीचे, मालदांडी ज्वारीचे. नऊ एकर जमीन, एक विहीर, तीही मार्चनंतर तळ दाखवणारी. बहात्तरच्या दुष्काळात मी दोन वर्षांचा होतो. दादा पंधरा वर्षांचे, नववीत शिकत होते आणि वर्गात पहिल्या तिघांत होते असे त्यांचे मास्तर मला पुढे अनेकदा सांगत. त्या वर्षी त्यांची शाळा सुटली ती सुटलीच. आई-वडील नालाबांधाच्या कामावर गेले आणि दादा वय वाढवून सांगून रस्त्याच्या खडीवर बसले. मजुरीवर मिळणारी ती परदेशी लाल ज्वारी, मिलो म्हणत तिला, आणि पोरांना वाटली जाणारी सुकडी, यावर घर तगले. दादांच्या डाव्या हाताच्या अंगठ्याचे नख तेव्हा हातोडीखाली गेले, ते पुन्हा सरळ उगवले नाही. लहानपणी मी त्या वाकड्या नखाशी खेळत असे. त्यामागे काय आहे हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

वडील दम्याने १९७६ साली गेले. तेव्हा दादा एकोणीस वर्षांचे. घरात आई, लग्नाची बहीण आणि सहा वर्षांचा मी. त्या दिवसापासून ते घराचे कर्ते झाले. बहिणीचे लग्न केले, मग स्वतःचे. वहिनी आल्या त्या १९७९ साली. मला आठवते ते असे की दादा आणि वहिनी फार बोलत नसत, पण आठवड्याच्या बाजारावरून येताना दादांच्या पिशवीत सगळ्यांत खाली कागदाची एक पुडी वेगळी असे. वरचा शेव-चिवडा आम्हा पोरांचा, आणि ती खालची पुडी चुलीजवळच्या फळीवर न बोलता ठेवली जाई. त्यात काय असे ते वहिनींनी आजवर कुणाला सांगितलेले नाही. मीही विचारले नाही.

दादांच्या कष्टाबद्दल काय लिहावे? कष्ट तर आमच्या मुलखात सगळेच करतात. मला त्यांचे कौतुक वाटे ते त्यांच्या हाताचे. पाभरीच्या चाड्यावर मूठ धरावी ती दादांनीच. पूर्वी बैलपाभरीने पेरणी व्हायची तेव्हा बी किती पडते ते सारे त्या मुठीवर असे. मूठ सैल झाली की बी दाट पडते, ताटे काडीसारखी होतात. आवळली की रान विरळ दिसते. बैलांची चाल, ढेकळांचा धक्का, वाऱ्याची झुळूक, सगळे सांभाळून बोटांतून दाणे सोडायचे. नोकरीला लागलो त्या पहिल्या वर्षी नव्या अधिकाऱ्याच्या ऐटीत मी आमच्याच रानात टेप घेऊन उतरलो. विद्यापीठाची शिफारस दोन ओळींत ४५ सेंटिमीटर, दोन रोपांत १५ सेंटिमीटर, एकरी चार किलो बियाणे. दहा ठिकाणी मोजले. ओळी पाभरीच्या फणांमुळे ठरलेल्या असतात, त्यात नवल नाही, पण रोपांतले अंतर दहापैकी आठ ठिकाणी चौदा ते सोळाच्या आत निघाले. दादा बांधावर उभे राहून माझा तो खटाटोप पाहत होते. म्हणाले, "साहेब, पास झालो का न्हाई?"

बियाण्याला किलोमागे चार ग्रॅम गंधक चोळले तर काणी येत नाही, हे मी सांगितल्यावर मात्र त्यांनी त्याच वर्षी ते केले आणि पुढे एक वर्षही चुकवले नाही. जुने तेवढे सोने असे मानणाऱ्यांपैकी ते नव्हते. नवीन गोष्ट ऐकून घेत, एकदा 'का' म्हणून विचारीत, कारण पटले की करीत. हे 'का' विचारणे मी इथे मुद्दाम सांगून ठेवतो, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

बारावीनंतर १९८८ साली मला पुण्याच्या कृषी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. गावातून त्या कॉलेजात जाणारा मी पहिलाच. फी माफ होती, पण वसतिगृह, खानावळ, पुस्तके, प्रॅक्टिकलच्या वह्या यांचा खर्च होताच. दर पंधरवड्याला दादांचे पंधरा पैशांचे कार्ड येई. नववीपर्यंत शिकलेल्या माणसाचे अक्षर, पण मोत्यासारखे. मजकूर जवळपास ठरलेला: 'इकडील सर्व क्षेम आहे. आईचे गुडघे बरे आहेत. ज्वारी पोटरीत आली आहे. बैल ठीक आहेत. अभ्यास करावा. पैशाची काळजी करू नये.' आमच्याकडे खिलारची एक जोडी होती, पाखऱ्या आणि हरण्या. दादांनी दोन्ही खोंडे खरसुंडीच्या यात्रेतून घेऊन स्वतः वळवून तयार केली होती. गावात तशी जोडी नव्हती. मला त्या बैलांचा फार लळा, म्हणून कार्डात त्यांची खुशाली असायचीच.

दुसऱ्या वर्षी खानावळीचे दोन महिन्यांचे पैसे थकले. मी घरी कळवले नव्हते, पण गावचा एक मुलगा पुण्यात भेटून गेला होता, त्याने सांगितले असावे. आठ दिवसांत मनीऑर्डर आली. फॉर्मच्या खालच्या कपट्यावर तेव्हा दोन ओळींची जागा असे, तिथे लिहिले होते: 'पोटभर जेवावे. बैल ठीक आहेत.'

दिवाळीला गावी गेलो. एस.टी.तून उतरून आधी गोठ्याकडे वळलो. गव्हाणीत हरण्या एकटा उभा होता. पाखऱ्याची दावण मोकळी, खुंट्याला नुसती वेसण अडकवलेली. मी काही विचारण्याआधीच आई म्हणाली, "विकला रं बाबा, भादव्यातच. सांगोल्याच्या बाजारात." दादा तेव्हा घरात नव्हते. शेजारच्या वस्तीवरच्या एका शेतकऱ्याकडेही एकच बैल उरला होता, त्याच्याशी सावड करून दोघे मिळून दोन्ही रानांची पेरणी करीत होते, आधी त्याची, मग आमची. त्यात आमची पेर आठ दिवस मागे पडली होती. कोरडवाहूत आठ दिवस म्हणजे काय ते वाचकांना मी सांगायला नको.

रात्री दादा आले. मी म्हणालो, "दादा, कार्डात तुम्ही लिहिलं होतं, बैल ठीक आहेत म्हणून."

दादा हात धूत होते. म्हणाले, "मग? खोटं काय लिवलं? ज्यानं नेला त्यो माणूस चांगला हाय. बैल ठीकच असंल."

यावर मी काय बोलणार! जेवून पुन्हा बाहेर गेलो आणि हरण्याच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिलो. दुसरा बैल गोठ्यात यायला चार वर्षे लागली, मी नोकरीला लागलो त्या वर्षी. माझ्या पहिल्या दोन पगारांतून घेतला. पण तो पाखऱ्या नव्हता. हरण्या तर तोवर थकला होता.

आता दुसरी गोष्ट सांगतो. ती सांगणे मला अवघड आहे.

२००३ चा दुष्काळ आमच्याकडे बहात्तरची आठवण करून देणारा होता. टँकर, चाऱ्याचा शोध, सगळे पाहून झाले. २००४ साली पाऊस बरा झाला आणि मी दादांच्या मागे लागलो की आता नुसत्या ज्वारीवर भागणार नाही, दीड एकर डाळिंब लावू. सांगोल्याच्या डाळिंबाचे तेव्हा नाव होते, आजूबाजूला बंगले उठत होते. दोन मुलींची लग्ने दादांच्या डोक्यावर होती. कर्जाची कागदपत्रे मी केली, ठिबक मी बसवून घेतले, साडेचार मीटर बाय तीन मीटरवर खड्डे मी आखून दिले. साधारण साडेचारशे झाडे. भगवा जातीच्या गुटी कलमांची सोयही मीच केली, ओळखीच्या एका माणसाच्या रोपवाटिकेतून.

कलमे टेम्पोतून उतरवताना दादांनी एक रोप हातात घेतले. पान उलटसुलट करून उन्हाकडे धरले आणि मला विचारले, "ह्यो डाग कशाचा रं? तेल सांडल्यावाणी दिसतोय. कुठल्या बागेतली गुटी ही? बाग बघितलीस का?"

मी बाग बघितली नव्हती. सुटी एकाच दिवसाची होती, मजूर खोळंबले होते, आणि खरे सांगायचे तर माझ्यातला बी.एस्सी. जागा झाला होता. मी म्हणालो, "प्रवासात पानं दमट राहिली की असं होतं, दादा. लावा तुम्ही." त्या दिवशी त्यांनी पुन्हा 'का' विचारले नाही. भावावर विश्वास ठेवून साडेचारशे खड्डे भरले.

तो तेल्या होता. हा जिवाणूजन्य रोग. पानावर तेलकट ठिपका पडतो, मग खोडावर, फळावर काळे डाग येतात आणि फळ तडकते. पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर, वाऱ्याबरोबर, छाटणीच्या कात्रीबरोबर तो झाडावरून झाडावर जातो; आणि नव्या रानात तो बहुतेक वेळा रोगट बागेतल्या कलमांबरोबर येतो. ही सगळी माहिती मी आज सभांतून सांगतो. कलमे घेण्याआधी मातृबाग स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, तीही पावसाळ्यात पाहा, हे सांगताना माझा आवाज जरा चढतो. ऐकणाऱ्यांना वाटते साहेबांना विषयाची कळकळ आहे.

पहिली दोन वर्षे झाडे वाढली. २००६ चा मृग धरला आणि पावसाने फळे बोराएवढी असतानाच ठिपके दिसू लागले. मग आम्ही काय केले नाही! रोगट फांद्या दोन इंच खालून छाटल्या, त्या गोळा करून जाळल्या, प्रत्येक झाडाला कात्री औषधात बुडवून घेतली. एक टक्का बोर्डो, म्हणजे शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, त्याच्या फवारण्या केल्या. सोलापूरला २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झाले होते, तिथल्या शिफारशी आणून वाचून दाखवल्या. मृग सोडून हस्त बहार धरला. पाठीवर पंप घेऊन दादा पहाटेपासून रानात असत, अंगावर निळे डाग. वहिनी म्हणत, "बागेपरीस ह्यांच्याच अंगावर औषध जास्त पडतंय." एका हंगामात थोडे पैसे झाले, पण ते औषधांच्या दुकानाला गेले. २००९ च्या उन्हाळ्यात दादांनी बाग काढली. मजूर लावले नाहीत. कुदळ घेऊन एकेक झाड स्वतः उपटले आणि बांधावर न ठेवता तिथेच जाळले, रोग शेजाऱ्याच्या रानात जाऊ नये म्हणून. सोळा दिवस लागले.

कर्ज होतेच. २००८ ची केंद्राची कर्जमाफी थकीत कर्जाला होती. दादांनी एकही हप्ता थकवला नव्हता. दूध घालून, कडबा विकून, एकदा वहिनींच्या पाटल्या मोडून त्यांनी हप्ते वेळेवर भरले होते, त्यामुळे यादीत नाव नव्हते. मला त्या निकषाचा राग आला होता आणि अजूनही येतो. दादांना विचारले तर म्हणाले, "घेतलं हुतं, ते दिलं. यादी कशाला बघायची?" धाकट्या पुतणीचे लग्न त्यामुळे दोन वर्षे लांबले.

त्या कलमांचे खरे मूळ मला २००७ मध्येच समजले होते. ज्या बागेतून गुटी आली ती बाग आधीच तेल्याने बसली होती. हे मी दादांना सांगितले नाही. तीन वर्षे सांगितले नाही. शेवटी बाग जाळून झाल्यावर पुढच्या पावसाळ्यात, त्याच दीड एकरात पुन्हा ज्वारीसाठी सारे पाडताना, मी सगळे सांगून टाकले. दादांनी बैल उभे केले. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्या डाग बघितला हुता की. तूही बघितलास. मग चूक निम्मी-निम्मी. चल, ह्यो सारा संपवू, ढग येतंय."

निम्मी-निम्मी म्हणाले खरे, पण कुदळ त्यांनी एकट्याने मारली होती.

आमच्या जमिनीची वाटणी कधी झाली नाही. वडिलांच्या मागे सातबाऱ्यावर आईचे आणि आम्हा भावंडांची नावे लागली. पुढे बहिणीने आपला हक्क सोडला, आई १९९९ साली गेली, आणि दोघा भावांची नावे उरली. मी नोकरीवाला, तालुक्याच्या गावी घर बांधलेले, रानात वर्षाकाठी आठ-दहा दिवस पाय पडणार. तरी सुगी झाली की दादा माझा वाटा म्हणून ज्वारीची दोन पोती घेऊन स्वतः येत. एस.टी.च्या टपावर टाकून आणत, पुढे टपावर सामान बंद झाले तेव्हा दुधाच्या गाडीतून. एकदा, बाग गेल्याच्या वर्षी, मी म्हणालो, "दादा, या वर्षी राहू द्या. तुम्हालाच पुरायची नाही." ते काही न बोलता उठले, चहाही घेतला नाही. तीन महिने फोनवर बोलले नाहीत. मग वहिनींकडून निरोप आला, "वाटा म्हंजी दानधर्म न्हवं, असं म्हणाय लागलेत."

दादा गेल्यावर वारस नोंदीचे काम माझ्याकडे आले. गावोगाव पाहतो, माणूस जातो आणि कागद तसाच राहतो. पुढे मुले वाढतात, जावई येतात आणि मग तंटे. कायद्याप्रमाणे वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यायची असते. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गाव अजून तलाठीच म्हणते. मृत्यूचा दाखला, वारसांची नावे असलेला अर्ज आणि प्रतिज्ञापत्र दिले. सहा-क च्या नोंदवहीत नोंद होऊन फेरफार पडला. दादांच्या जागी वहिनी, पुतण्या आणि दोन्ही पुतण्यांची, म्हणजे मुलींची, नावे लागली. मुलींची नावे घालू नका असे सांगणारे एक-दोन जण निघालेच, त्यांना मी उठवून लावले.

राहिले माझे नाव. ते काढायचे माझ्या मनात होते. बायकोशी बोललो, पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाशी बोललो. दोघेही एका शब्दात हो म्हणाले, मुलगा तर म्हणाला, "बाबा, हे आधीच करायला हवं होतं." वकिलांकडून हक्कसोडपत्राचा मसुदा करून घेतला आणि गेल्या दिवाळीत गावी गेलो. त्यांच्या ओसरीवर बसून वहिनींना सगळे समजावून सांगितले, की हे नोंदणी करून घ्यायचे, म्हणजे सगळी जमीन तुमच्या लेकराबाळांची, उद्या कुणी बोट दाखवणार नाही.

वहिनींनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "भावजी, नाव काढू नका."

मी म्हणालो, "वहिनी, तुमच्याच भल्याचं आहे. माझा त्यावर काही हक्क राहिलेला नाही."

"हक्काचं मला काय कळत न्हाई. पर तुमचं नाव गेलं तर वाटा कुणाच्या नावानं काढायचा? ह्यांनी पंचेचाळीस वर्सं काढला."

पुतण्या खाली मान घालून बसला होता. त्याच्याकडे पाहिले तर तो म्हणाला, "आई म्हणती तसंच राहू द्या, काका."

कायद्याच्या बाजूने पाहिले तर वहिनी चुकत आहेत, हे मला समजते. आज आम्ही आहोत, उद्या माझी नातवंडे आणि त्यांची नातवंडे एकमेकांना ओळखतील की नाही कोण सांगणार? मसुदा माझ्या कपाटात आहे. येत्या उन्हाळ्यात दोन्ही पुतण्या माहेरी येतील तेव्हा पुन्हा विषय काढणार आहे.

त्या दिवशी निघताना पुतण्याने ज्वारीचे पोते मोटारसायकलवर स्टँडपर्यंत आणून दिले. दादांच्या हातच्या शेवटच्या पेरणीची ज्वारी. त्यांनी पेरली, काढणी मात्र बाकीच्यांनी पुरी केली. एकच पोते होते. दुसरे नंतर पाठवतो म्हणाला, पावसाने कणसे थोडी काळी पडली होती, ती निवडायची राहिली आहेत. कंडक्टरने पोत्याचे वेगळे तिकीट फाडले. मी ते मागच्या बाकाखाली सरकवले आणि खिडकीशी बसलो. गाडी आमच्या रानावरून गेली तेव्हा पुतण्या पोहोचून ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रामागून चालताना दिसला, मधूनच वाकून माती उकरून बी किती खोल पडले ते पाहत होता.